साडेचार रिश्टरचं भोक

लातुरात भूकंपानंतर जेवढी घरं उभी राहिली, त्यांत आमचं घर सर्वांत मजबूत आहे, आणि त्यात इंटरनेट येत नाही.

म्हणजे येतं. दारापर्यंत येतं. चपलांच्या रॅकवर राउटर बसवलेला आहे, तिथून हॉलभर ते बिनघोर फिरतं. पण हॉलच्या मागची भिंत आली की त्याचा पाय पुढं पडत नाही. आणि आमच्या श्रुतीची खोली नेमकी त्या भिंतीपलीकडं! श्रुती म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीला, डॉक्टर व्हायचं ठरवून बसलेली. लातुरात बारावीचं पोर घरात असलं की लोक टीव्ही लावत नाहीत, पाहुण्यांना बोलवत नाहीत, कुकरसुद्धा पोराला विचारून लावतात. त्यात आम्ही नव्या घरात राहायला आलो आणि महिना-दीड महिन्यात साथीमुळं सगळं बंद झालं. शाळा बंद, बाजार बंद, क्लास बंद. नंतर क्लास तेवढे ऑनलाइन सुरू झाले.

यातली खरी लाज पुढंच आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. दिवसा कॉलेजात आणि सकाळ-संध्याकाळ क्लासला. ‘तरंग’ हा माझा हातखंडा धडा. देवणी, जळकोट, कंधार, कुठकुठून पोरं लातुरात येऊन खोल्या करून राहतात आणि तरंग कसा जातो, कुठं अडतो, का अडतो, हे माझ्याकडून शिकून जातात. त्या माझ्या स्वतःच्या घरात हॉलमधला तरंग मागच्या खोलीत जाईना!

घर अप्पांनी बांधलं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. भूकंप झाला तेव्हा मी लातुरात खोली करून अकरावीला शिकत होतो. अप्पा त्या रात्री रानात, खळ्यावर, मुगाची रास राखायला गेलेले. म्हणून ते वाचले. गावातलं आमचं घर दगडमातीचं, हातभर रुंद भिंतींचं, वर मातीचं माळवद. अप्पा पळत गावात येईस्तोवर घर राहिलं नव्हतं, ढीग होता. आईला लोकांनी काढलं. तिचा पाय मोडला होता, पण ती पुढं बरीच वर्षं आमच्यात होती. माझी धाकटी बहीण मंजू तिसरीत होती. अप्पांनी तो ढीग हातांनी उपसला. ती सापडली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

याहून जास्त अप्पा कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. ‘भूकंपात’ एवढा एक शब्द म्हटला की समोरचा माणूस मान हलवतो आणि चहा पुढं करतो.

त्यानंतर कित्येक वर्षं अप्पा भिंतीच्या आत झोपलेच नाहीत. भाड्याच्या घरात त्यांची बाज अंगणात असायची, पावसाळ्यात पत्र्याखाली. म्हणून मी जेव्हा औसा रोडच्या पुढं जागा घेऊन घर बांधायचं काढलं, तेव्हा अप्पा म्हणाले, “घर मी बांधतो. तू तुझे क्लास घे.” मी आनंदानं मान डोलावली. (बांधकामावर उन्हात उभं राहावं लागतं. मला पंख्याखाली उभं राहून बोलायची सवय.)

अप्पा रोज छत्री घेऊन जागेवर उभे. मिस्त्री अगदी बेजार झाला होता. एकदा मी तिकडं चक्कर मारली तर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, गुरुजींना जरा सांगा की. एवढ्या सळईत पूल होतो.”

अप्पांनी ते ऐकलं. “मग पूलच बांधायलास म्हणून समज,” ते म्हणाले.

श्रुतीची खोली त्यांनी खालीच घेतली, मागच्या बाजूला, आणि तिला थेट अंगणात उघडणारं एक वेगळं दार ठेवलं. “काही झालं की एका ढांगंत भायेर,” असं ते श्रुतीला दाखवत होते. श्रुती हसत होती. अप्पा हसत नव्हते.

वास्तुशांतीला सगळी गल्ली जेवून गेली. नव्या राउटरचा मला इतका अभिमान, की पंगतीत वाढता वाढता मी पासवर्डही वाढला. त्याचं फळ पुढं मिळालंच.

ऑनलाइन क्लासच्या पहिल्याच दिवशी श्रुती खोलीतून बाहेर आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर तिचे केमिस्ट्रीचे सर (माझेच सहकारी) तोंड उघडून थिजलेले.

“हे कधीपासून असं आहे?” मी विचारलं.

“अर्ध्या तासापासून.”

“मग आज शिकवलं काय?”

“आ,” श्रुती म्हणाली.

मी म्हटलं, यात काय मोठं! हा तर माझाच विषय. आधी राउटर रॅकवरून काढून फ्रिजवर ठेवला. तिथून खिडकीत. तिथून देवघराच्या फळीवर. तिथं माझी बायको वैशाली आडवी आली. “महादेवाच्या डोक्यावर लाल दिवे लुकलुकायलेत, बरं दिसतंय का ते? उचला आधी!” मी उचलला. मग मला परावर्तन आठवलं. राउटरच्या मागं चकचकीत धातूचं काही ठेवलं की तरंग मागं वाया न जाता पुढं जातात, हे शास्त्र आहे. मी वैशालीची कणकेची परात आणली आणि राउटरच्या पाठीशी उभी केली.

“आता कणीक कशात मळू? तुमच्या डोक्यात?” वैशाली म्हणाली.

“पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे,” मी म्हणालो.

संध्याकाळी शेजारच्या जोशीकाकांचा मंदार कुंपणावरून ओरडला. हा मंदार बँकेत आहे, पण तेव्हा घरूनच काम करत होता. “सर, काय केलंत ओ? आज नेट लई जबरदस्त चाललंय! आईनं सगळी सीरियल बघून संपवली!”

तरंग पुढंच गेले होते. फक्त परातीचं तोंड जोशींकडं होतं.

परात फिरवून पाहिली. तिरपी करून पाहिली. शेवटी एका सहकाऱ्यानं त्याच्याकडं पडून असलेला रिपीटर दिला. हे यंत्र आलेला सिग्नल झेलून पुढच्या खोलीत पाठवतं. ते मी श्रुतीच्या टेबलावर लावलं. त्याचा लाल दिवा लागला आणि लालच राहिला. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं, तो पुढं काय सांगणार? मी ते उघडलं, बंद केलं, पुसलं, हलवलं. तेवढ्यात माझ्याच ऑनलाइन तासाची वेळ झाली, म्हणून हॉलमध्ये जाऊन बसलो आणि तासभर मन लावून तरंग शिकवले. शेवटी एका पोरानं विचारलं, “सर, तुमच्या मागं परात का लावली आहे?” मी म्हणालो, “वेळ संपली.”

हॉलमध्ये दिवसभर माझा आवाज आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली भांडी, तिथं श्रुतीचं लक्ष लागेना. शेवटी तिनं आपला मार्ग आपण काढला. गच्चीवर मोबाइलला बऱ्यापैकी रेंज होती. ती उन्हात छत्री बांधून, पाण्याच्या टाकीला टेकून लेक्चर ऐकायला लागली. आठवड्याभरात पोरगी काळीठिक्कर पडली. आणि अप्पांचं चित्त थाऱ्यावर राहीना. ते खाली अंगणात फेऱ्या मारायचे आणि दर थोड्या वेळानं वर तोंड करून हाक मारायचे.

“श्रुती, खाली ये.”

“अप्पा, इथंच रेंज हाय!”

“रेंज असू दे. स्लॅबवरून खाली यायला वेळ लागतो, बेटा.”

तिला वाटायचं जेवायला वेळ होतोय म्हणून बोलवायलेत. ती म्हणायची, “मला भूक न्हाई.” अप्पा पुन्हा फेऱ्या मारायला लागायचे.

आता एकच उपाय उरला होता. भिंतीला भोक पाडायचं, वायर पलीकडं न्यायची, आणि राउटर थेट श्रुतीच्या खोलीत बसवायचा. कॉलेजच्या लॅबमधून मी तशी लांब वायर मागून आणली आणि रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

अप्पा भाकरी मोडता मोडता थांबले. “भिंतीला हात लावायचा न्हाई.”

“अप्पा, बोटाएवढं भोक. भिंतीला कळणार पण नाही.”

“मला कळंल,” अप्पा म्हणाले आणि जेवून उठले. माझ्या आयुष्यात अप्पांनी मला फार थोड्या गोष्टींना नाही म्हटलंय. वैशालीनं मला डोळ्यांनीच सांगितलं की आता हा विषय बंद.

पण रविवारी श्रुतीची मोठी टेस्ट होती. त्या टेस्टवरून क्लासवाले निवडक पोरांची वेगळी बॅच करणार होते. मागच्या टेस्टला निम्म्यात मोबाइलची रेंज गेली होती आणि श्रुती जिन्यात बसून रडली होती. वर्गात पोरं रडली तर काय करायचं ते मला येतं. घरचं पोर रडलं की मला काहीच येत नाही. मी मनाशी ठरवलं की अप्पा रोजच्यासारखे गल्लीच्या टोकाला लिंबाखाली मित्रांबरोबर (लांब लांब, तोंडाला रुमाल बांधून) बसायला गेले की भोक पाडून मोकळं व्हायचं. नंतर त्यावर कॅलेंडर लावता येईल.

ड्रिल मशीन मंदारकडं होतं.

“सर, चालवता येती का?” त्यानं विचारलं.

“अरे, घूर्णन गती मीच शिकवतो.”

“शिकवता ओ. चालवता येती का?”

मी मशीन घेऊन आलो. श्रुतीला सांगितलं, टेस्टला अजून वेळ आहे, तोवर गच्चीवर उजळणी करत बस, मी तुझ्या खोलीची जरा व्यवस्था लावतो. वैशालीनं स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावला, ती वेळ मी साधली. कानात कापसाचे बोळे घातले, महादेवाचं नाव घेतलं आणि हॉलच्या बाजूनं भिंतीवर ड्रिल टेकवली.

सुरुवात छान झाली. गिलावा भुरुभुरु पडला. मला वाटलं, उगाच लोक मिस्त्री बोलावतात! आणि मग आत ड्रिलचं टोक कशात तरी गुंतलं. मशीनला एक जबरदस्त हिसका बसला, त्याबरोबर मलाही. मी सोडायच्या ऐवजी आणखी जोर लावला. भिंतीच्या आतून असा काही घुमका निघाला की तो कानातल्या कापसाला न जुमानता दातांत आला. सगळी भिंत थरथरायला लागली. त्या भिंतीचं दुसरं टोक स्वयंपाकघरात जातं आणि तिथं भांड्यांची मांडणी ठोकलेली आहे, हे माझ्या गणितात नव्हतं. मांडणीवरचे डबे, ताटं, तपेली सगळं एकदम खाली आलं. वैशाली मिक्सर तसाच सोडून “अगं बाई, हललं! हललं!” करत बाहेर पळाली. ते ऐकून कुंपणापलीकडून जोशीकाकू ओरडल्या, “भूकंप! भूकंप!”

आमच्या गल्लीत हा शब्द दोनदा ओरडावा लागत नाही.

मला खिडकीतून दिसलं ते एवढंच की वैशाली पळते आहे, जोशीकाकू पळताहेत, समोरचे सगळे पळताहेत. माझे हात तर अजून थरथरतच होते. आणि एका क्षणात मलाही पटलं. भूकंपच झाला होता! मी पळालो. हातात ड्रिल तशीच आणि तिची वायर बोर्डातून उपटून माझ्यामागं फरपटत.

बाहेर येऊन कानातले बोळे काढले. गल्ली भरली होती. जोशीकाका अंगाला साबण लागलेले, पंचावर. कोपऱ्यावरचं एक कुटुंब हातात थाळ्या घेऊन आलेलं. भांड्यांचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, पुन्हा थाळ्या वाजवायचा दिवस आला की काय.

“तुम्हाला कळलं का सर?” जोशीकाकांनी विचारलं.

“कळलं म्हणजे? लई जोराचा होता! मी भिंतीला हात लावून उभा होतो, हातातच हलली!”

“किती रिश्टरचा असंल ओ?”

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. भौतिकशास्त्राचे सर म्हटल्यावर आपली एक जबाबदारी असते. मी डोळे बारीक करून अंदाज घेतला आणि सांगितलं, “साडेचार असावा. आणि केंद्र अगदी जवळ असणार.”

लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. मंदार मात्र माझ्या हाताकडं टक लावून बघत होता. “सर,” तो हळूच म्हणाला, “ही ड्रिल तुम्ही चालू केली होती का?”

मी हाताकडं पाहिलं. ड्रिलच्या टोकाला तारेचा एक तुकडा गुंडाळलेला होता. मी ड्रिल पाठीमागं लपवली. मी काही बोलायच्या आत वैशालीनं माझा दंड धरला.

“श्रुती कुठाय?”

“गच्चीवर,” मी म्हणालो आणि वर पाहिलं. गच्चीवर छत्री होती. श्रुती नव्हती.

आणि तेव्हा घराच्या आतून अप्पांचा आवाज आला.

लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानावरही ‘भूकंप’ गेलं होतं. बाकीचे जागीच उभे राहिले. अप्पा मागच्या बोळातून पळत आले होते. सगळी गल्ली घरातून बाहेर पडत होती तेव्हा अप्पा मागच्या दारानं आत शिरले होते.

मी धावत श्रुतीच्या खोलीशी गेलो. भिंतीच्या त्या बाजूला टेकून तिचं पुस्तकांचं उंच कपाट ठेवलेलं होतं. ते पुढं कोसळून पलंगावर आडवं झालं होतं. क्लासच्या नोट्स, प्रश्नसंच, दोन वर्षांच्या टेस्टचे गठ्ठे, सगळ्याचा पलंगावर डोंगर झालेला, त्याच्यावर गिलाव्याची धूळ. अप्पा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तो ढीग उपसत होते. चष्मा कुठं तरी पडला होता. गठ्ठा ओढायचा, मागं टाकायचा, पुढचा ओढायचा. मघाशी हाका मारत होते, आता तोंडातून आवाज नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता.

“अप्पा,” मी म्हणालो, “ती खाली नाहीये.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “बडबडू नको. हात लाव.”

मी तिला स्वतः गच्चीवर पाठवलं होतं. ती या ढिगाखाली असायचं काही कारणच नव्हतं. पण गच्चीवर ती दिसली नव्हती. आणि अप्पांचे ते हात बघून मला कशाचीच खात्री राहिली नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि उपसायला लागलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी ज्या ‘तरंगां’च्या नोट्स पोरांना रात्र रात्र बसून लिहून देतो, त्याच मी मुठी भरभरून मागं फेकत होतो आणि प्रत्येक गठ्ठ्याखाली मला तिचा हात दिसेल असं वाटत होतं.

“पप्पा, माझे नोट्स काऊन फेकायलात?”

मागच्या दारात श्रुती उभी होती. कानातले हेडफोन गळ्यात, हातात मोबाइल. ऊन लागायला लागलं म्हणून ती जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीला जाऊन बसली होती. तिच्या कानावर काहीच गेलं नव्हतं.

अप्पांचे हात थांबले. मग त्यांनी हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं. श्रुती त्यांच्याजवळ फरशीवर बसली. तिनं मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “अप्पा, हात दुखायलाय.” अप्पांनी पकड सैल केली, सोडली नाही.

तेवढ्यात मंदार हॉलमधून ओरडला, “काकू, भूकंप न्हाई ओ! सरांनी ड्रिल मारली!” ही बातमी दारातून गल्लीत गेली आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचलेली मला ऐकू आली. आमच्या घरातून कुठलाही सिग्नल एवढ्या वेगानं कधी गेला नव्हता.

अप्पा उठले. हॉलमध्ये जाऊन भिंतीसमोर उभे राहिले. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी भोकात करंगळी घातली आणि आत चाचपत राहिले.

“जाळी तुटली का बघत होतो,” ते म्हणाले. “एकच तार तुटलीय.”

“जाळी?”

“तारेची. गिलाव्याच्या आत. पोरीच्या खोलीला चारी भिंतींना हाय, वर स्लॅबच्या पोटाला बी हाय. भिंत फुटली तर जाळी धरून ठेवती. माणसाच्या अंगावर येऊ देत न्हाई.”

“मला कधी बोलला नाहीत, अप्पा.”

“तू क्लासला असायचास.”

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. चारी बाजूंनी धातूच्या जाळीत कोंडलेल्या जागेत तरंग शिरत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पोरं वहीत उतरवून घेतात. मी ते अप्पांना सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत.

अप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हंजे माझ्यामुळं पोरीचं नुसकान झालं.”

“तसं नाही, अप्पा.”

“तसंच हाय की.”

तेवढ्यात श्रुतीच मधे पडली. “अप्पा, टेस्ट चालू व्हायलीय. मला वर जाऊ द्या. नुसकान-बिसकान नंतर बघू.”

अप्पांनी कोपऱ्यातली काठी घेतली. “चल. मी बी येतो.”

घर झाल्यापासून अप्पा गच्चीवर चढले नव्हते. त्या दिवशी ते कठड्याला धरून चढले आणि टेस्ट संपेस्तोवर श्रुतीच्या डोक्यावर छत्री धरून बसले. मधे वैशालीनं ताक नेऊन दिलं तर म्हणाले, “ठेव खाली. छत्री हलली की पोरीच्या तोंडावर ऊन येतं.” रेंज त्या दिवशी एकदाही गेली नाही.

मी तोवर घरोघर माफी मागत फिरत होतो. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. जोशीकाकू मात्र घरात जायला तयार होईनात. त्यांनी दुपारचा स्वयंपाक अंगणात शेगडी मांडून केला. “ड्रिल होती ते कळलं मला,” त्या म्हणाल्या, “पण मनाला कळायला वेळ लागतो ना, सर.” जोशीकाकांनी अंग धुतलं, कपडे घातले आणि मग कुंपणाशी येऊन विचारलं, “एक शंका आहे. ते साडेचार तुम्ही कशावरून काढलं होतं?”

दुपारी जेवणं झाल्यावर अप्पा स्वतःहून म्हणाले, “आण ती मशीन. भोक पूर्ण कर.” मी नको म्हणालो. ते म्हणाले, “मी सांगायलो ना. पण सावकाश. जाळीला घर असतंय, त्या घरातून वायर ने. तार तोडायची न्हाई.” मग मंदारनं ड्रिल चालवली, (मला कुणी हात लावू दिला नाही!) अप्पांनी बॅटरीचा उजेड धरला, आणि जाळीची आणखी एकही तार न तोडता वायर पलीकडं गेली. राउटर श्रुतीच्या टेबलावर बसला. खोलीत इंटरनेट धो धो आलं, आणि जाळीनं आपलं काम चोख बजावल्यामुळं खोलीच्या बाहेर कणभरही गेलं नाही. तेव्हापासून माझे ऑनलाइन तास मी पोरीच्या दाराशी स्टूल टाकून, एक पाय आत ठेवून घेतले. जोशीकाकूंची सीरियलही बंद पडली. त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

श्रुती त्या निवडक बॅचमध्ये गेली आणि वर्षानं तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिला सोडायला मी, वैशाली आणि अप्पा असे गाडीनं गेलो. हॉस्टेलची खोली चांगली होती, हवेशीर, खिडकीतून झाड दिसणारी. श्रुतीनं मोबाइल बघितला आणि आनंदानं म्हणाली, “अप्पा, इथं तर कोपऱ्याकोपऱ्यात रेंज हाय!”

अप्पांचा चेहरा पडला. मला कळलं ते: या भिंतींत जाळी नव्हती. माझाही पडला होता.

वैशाली आणि श्रुती सामान लावत होत्या, अप्पा पलंगावर बसले होते. मी सहज पाय मोकळे करायला म्हणून व्हरांड्यात आलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी भिंतीवर बोटानं टकटक केलं. पुढं जाऊन आणखी टकटक केलं. मग नीट ऐकू यावं म्हणून कान लावला.

“ओ! काय करायलात तिथं?” वॉर्डनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “मुलींचं हॉस्टेल आहे हे!”

“मी पालक आहे. भिंत बघत होतो.”

“कान लावून?”

मी म्हणालो, मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. ओळखपत्र दाखवावं लागलं, वैशालीला बोलावून मी तिचाच नवरा असल्याची खात्री पटवावी लागली. सगळं निस्तरून आम्ही निघालो तेव्हा गाडीत बसता बसता अप्पांनी एवढंच विचारलं, “कशी हाय भिंत?”

“मजबूत आहे, अप्पा. एकदम दणकट.”

अप्पांनी मान हलवली आणि लोहा यायच्या आत त्यांना झोप लागली. भिंतींच्या आत लवकर झोप न लागणारा माणूस गाडीत मात्र गाढ झोपला. झोप मला लागेना. भिंत पोकळ वाजली होती. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा मी गाडीपासून लांब गेलो आणि श्रुतीला फोन लावला.

“बेटा, एक काम कर. कुणाला सांगू नको. तुझा पलंग भिंतीपासून जरा दाराच्या बाजूला सरकवून घे.”

“पप्पा, तो केव्हाच सरकवलाय,” श्रुती म्हणाली. “तुम्ही बाहेर वॉर्डनला ओळखपत्र दाखवत होतात ना, तेव्हा अप्पांनी सरकवला. म्हणाले, तुझ्या बापाला सांगू नको. तो उगाच काळजी करत बसंल आणि इथं येऊन भोक पाडंल.”